शिपाई, फौजदार आणि शाळेचा दाखला

एकोणिसाव्या शतकात पोलीस शिपाई निवडताना उंची आणि छाती आधी मोजत. अक्षर ओळखता येते का, हा प्रश्न मागे पडे. त्याची किंमत गरीब फिर्यादीने मोजली. स्वतःला लिहिता येत नसल्याने ठाण्यात कागदावर जे उतरेल तेच त्याचे म्हणणे ठरे.

१९०२-०३च्या फ्रेझर आयोगाने पोलीस दल अकार्यक्षम आणि भ्रष्ट असल्याचे स्पष्टपणे नोंदवले. शिकलेल्या तरुणांना थेट फौजदार (उपनिरीक्षक) करा, पगार वाढवा, प्रशिक्षणशाळा काढा, असे त्याने सुचवले. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यात उघडली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. वरिष्ठ पदांची परीक्षा मात्र १८९३पासून लंडनला होई. भारतीयांना तिची वाट १९२०मध्ये मोकळी झाली. हा अन्याय आयोगाच्या सुधारणांइतकाच लक्षात ठेवायला हवा.

आज महाराष्ट्रात शिपायाला बारावी, तर उपनिरीक्षकाला पदवी लागते. कर्नाटकातही साधारण तेच.

पण आजच्या गुन्ह्यांना एवढे शिक्षण पुरत नाही, हे कर्नाटकातच दिसते. बंगळूरचे व्हाइटफील्ड १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन शेतकऱ्यांसाठी वसले. आता तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती आहेत आणि शहर पोलिसांचा स्वतंत्र विभागही. अशा ठिकाणच्या पोलिसांना ऑनलाइन फसवणुकीत बँकेचे व्यवहार आणि मोबाइलच्या नोंदी जुळवाव्या लागतात. अशा तपासाला भरतीनंतरचे तांत्रिक प्रशिक्षणही अपरिहार्य आहे, आणि ते ठाण्यातल्या शिपायापर्यंत पोहोचले पाहिजे.