शिक्का आधी, चोरी मागून

चोखोबांवर देवाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ आला, ही कथा मी कीर्तनात पुष्कळदा सांगितली. चोरी कोणी पाहिली नव्हती. जात पाहून चोर ठरला.

पुढे इंग्रज सरकारने असा आळ कायद्यातच लिहिला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या दुरुस्तीने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. फासेपारध्यांसारखे लोक जन्मापासून गुन्हेगार ठरले. ठाण्यात हजेरी लावायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. ज्याला कोणी कामाला लावत नाही, त्याने पोट कशावर भरावे? मग एखाद्याने चोरी केली की लोक म्हणत, "पाहा, जातच तशी!"

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला; शिक्का राहिला. 'संन्याशाची पोरे' हा शिक्का सोसणाऱ्या निवृत्तिनाथांच्याच यात्रेत, त्र्यंबकेश्वरी, एकदा आमचे टाळ हरवले. सगळ्यांनी पारध्याच्या पोराकडे पाहिले, मीही पाहिले. टाळ माझ्याच पडशीत निघाले. पोर तोवर निघून गेले होते.

माऊली, तेव्हापासून चोखोबांची कथा सांगताना आळ घेणाऱ्यांत मी स्वतःलाही धरतो.