राजापूरची गंगा आणि उन्हाळे गावचा गरम झरा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुना नदीच्या काठी राजापूर वसले आहे. शहरातून नदीच्या अंगाने निघाले की तासाभराच्या आत पायी उन्हाळे गाव लागते. तिथे महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि देवळाजवळ बारमाही वाहणारा गरम पाण्याचा झरा. झऱ्यावरून पुढे टेकडी चढून गेले की राजापूरची प्रसिद्ध गंगा. खालचा झरा कधी आटत नाही आणि वरची गंगा कधी कायम राहत नाही. एकाच फेरीत घडणाऱ्या या दोन स्नानांनी राजापूरला कोकणातले एक मोठे तीर्थ बनवले.

शहराचा इतिहास मात्र तीर्थापेक्षा बंदराचा अधिक. राजापूर समुद्रापासून बरेच आत असले, तरी जैतापूरजवळ समुद्राला मिळणाऱ्या खाडीची भरती इथवर पोहोचत असे. देशावरचा माल अणुस्कुऱ्याच्या घाटाने बैलांच्या पाठीवरून उतरायचा आणि इथे गलबतांवर चढायचा. आदिलशाहीच्या काळात मिरी आणि कापडाच्या व्यापारासाठी परदेशी व्यापारी इथे येत. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी वखार घातली. 1660 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात अडकले असताना याच वखारीतल्या इंग्रजांनी वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूर गाठून वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. पुढे 1713 मध्ये राजापूर आंग्र्यांकडे गेले, 1756 मध्ये पेशव्यांकडे आणि 1818 मध्ये इंग्रजी अमलाखाली आले. एवढ्या सत्ता बदलल्या, तरी घाट आणि खाडी यांना जोडणाऱ्या वाटेवरचे गाव ही राजापूरची ओळख टिकून राहिली. उन्हाळे गावच्या झऱ्यावर येणारे यात्रेकरूही याच वाटेने आले.

हा झरा एकटा नाही. पालघर जिल्ह्यातील कोकनेरेपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे 350 किलोमीटरच्या पट्ट्यात 18 ठिकाणी मिळून साठेक गरम झरे आहेत. वज्रेश्वरी-अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, खेड-दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडी ही त्यांतली परिचित नावे. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. तुरळचे 60 अंशांच्या आसपास आहे. त्या मानाने उन्हाळे येथील पाणी सौम्य, सुमारे 42 अंशांचे. हात भाजत नाही आणि न विसणता थेट अंगावर घेता येते, म्हणूनच ते स्नानाला सोयीचे ठरले.

कोकणात जागता ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पाणी तापते ते खोलीमुळे. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खोल उतरते. जमिनीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढत जाते. तिथे तापलेले पाणी दाबाने दुसऱ्या भेगेवाटे वर चढते आणि वाटेत खडकांतले क्षार सोबत घेऊन येते. सह्याद्रीचा कडा आणि किनारा यांच्या दरम्यान उत्तर-दक्षिण गेलेल्या भेगा आणि भ्रंश हे या पाण्याचे जिने आहेत. त्यामुळेच हे झरे नकाशावर विखुरलेले न दिसता किनाऱ्याला समांतर ओळीने दिसतात. संधिवात आणि त्वचाविकारांवर हे पाणी गुणकारी असल्याची श्रद्धा जुनी आहे. दुखऱ्या सांध्यांना उष्णतेने आराम पडतो, हा त्यामागचा सर्वांच्या अनुभवाचा भाग.

टेकडीवरच्या गंगेची रीत निराळी. चिऱ्यांच्या भिंतीने वेढलेले फरसबंद आवार, त्यात वेगवेगळ्या आकारांची 14 कुंडे आणि वडाचे झाड. वडाच्या मुळाशी मूळ गंगेचे स्थान मानले जाते. गंगा आली की काशीकुंडात गोमुखातून पाणी पडते आणि भाविक त्याखाली बसून स्नान करतात. कुंडांना सूर्य, चंद्र, यमुना, सरस्वती, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी अशी नावे असल्याने एका आवारात भारतभरच्या नद्यांचे स्नान घडते, अशी भावना आहे. एरवी ही कुंडे कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी एकदा, बहुधा भर उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना त्यांत अचानक पाणी येते, दोन-तीन महिने वाहते आणि आले तसे जाते. शेजारशेजारच्या कुंडांतल्या पाण्याचा उबदारपणाही सारखा नसतो.

या येण्याजाण्याचे कारण टेकडीच्या पोटात शोधले जाते. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि पावसाचे पाणी धरून ठेवतो. आतली पोकळी ठरावीक पातळीपर्यंत भरली की वक्रनलिकेच्या तत्त्वाने साठा एकदम बाहेर वाहू लागतो आणि पातळी उतरली की थांबतो, असे स्पष्टीकरण दिले जाते.

लोकांनी याची संगती वेगळी लावली. गंगाजी साळुंखे नावाचा एक कुणबी दरवर्षी प्रयागला जाई. म्हातारपणी जाणे जमेना, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात प्रकट झाली, अशी कथा राजापुरात सांगतात. कथेत कोकणातल्या कष्टकऱ्याची स्थिती नेमकी उतरली आहे. काशी-प्रयागची यात्रा म्हणजे महिनोन्‌महिन्यांची पायपीट आणि न परवडणारा खर्च. त्यामुळे बहुसंख्य लोकांना जे पुण्य आयुष्यात मिळणे कठीण, ते गावाजवळच्या टेकडीवर मिळू लागले. या तीर्थाची थोरवी सांगताना शिवाजी महाराज आणि कवी मोरोपंत इथे येऊन गेल्याचेही परंपरा सांगते.

गंगा आल्याची बातमी पूर्वी तोंडोतोंडी जायची. गंगापुत्र म्हणवणारे सेवेकरी कुंडांची आणि पूजेची व्यवस्था पाहत. घाटावरचे लोक अणुस्कुऱ्याने उतरायचे. मुंबईचे चाकरमानी आगबोटीने जैतापूरला येऊन तिथून होडीने खाडी चढायचे. स्नानाचा क्रम ठरलेला: आधी उन्हाळे येथे गरम पाण्याने अंघोळ, मग चढण चढून गंगेचे स्नान आणि शेवटी राजापूरजवळच्या धूतपापेश्वर मंदिरात दर्शन. मराठी घराघरांत पोहोचलेला राजापुरी पंचा ज्या गावच्या नावाने ओळखला जातो, त्या गावाला स्नानासाठी लोटणारी गर्दी नवी नव्हती. गंगा नसेल त्या वर्षीही झऱ्यावर माणसांची ये-जा चालूच राही, कारण दुखऱ्या गुडघ्यांना तीन वर्षे थांबून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत खाडी गाळाने भरत आली आणि मोठी गलबते जुन्या धक्क्यापर्यंत येईनाशी झाली. व्यापार ओसरला, पण झरा आणि गंगा यांची ओढ कमी झाली नाही. मोटाररस्ता, नंतर महामार्ग आणि 1998 पासून पूर्ण धावू लागलेली कोकण रेल्वे यांमुळे येणे सोपे झाले. आता झऱ्याजवळ वाहन जाते आणि पूर्वीच्या लांब यात्रेतला चालण्याचा थोडाच भाग उरला आहे.

अलीकडच्या काळात गंगेचा तीन वर्षांचा क्रम बिघडला आहे. कधी ती लवकर येते, कधी लांबते, कधी नेहमीपेक्षा जास्त दिवस मुक्काम करते. पाऊसमान, जमिनीतील पाणीपातळी आणि टेकडीवरची झाडी यांच्याशी हा क्रम निगडित असल्याचे मानले जाते. खालच्या झऱ्याचे पाणी खोलवरून येत असल्याने तो अधिक स्थिर आहे, पण त्याचीही भेग बांधकामाने बुजू शकते आणि साबण-कचऱ्याने कुंड घाण होऊ शकते. कोकणाने ही दोन्ही पाणी शतकानुशतके कुठल्याही यंत्राविना, केवळ श्रद्धेच्या आणि रिवाजाच्या बळावर जपली. टेकडीवरची झाडी राखणे आणि झऱ्याभोवतीची जमीन न खोदणे, एवढे पाळले तर ती पुढच्या पिढ्यांनाही मिळतील.