आर्नोकाठचा संगम आणि पंचगंगेचा घाट

पितृपंधरवडा जवळ आला की गावोगावी म्हाळाची तयारी सुरू होते. तांदूळ निवडायचे, वड्यांचं पीठ दळून आणायचं, गवार आणि भोपळा कुठं मिळतो ते बघायचं. त्यातच एक प्रश्न अलीकडं घरोघरी ऐकू येतो. पोरगा दुबईला, अमेरिकेला, नाहीतर जर्मनीला. मग बापाचा म्हाळ कोण घालणार? आणि उद्या आपलंच काही झालं, तर पाणी कोण पाजणार?

हा प्रश्न पासपोर्ट आणि विमानं आल्यावर निर्माण झाला, असं आपल्याला वाटतं. पण आपल्या कोल्हापूरनं तो दीडशे वर्षांपूर्वीच सोसला आहे, तोही थेट राजघराण्यात. ती हकीकत आज सांगायची आहे. तिच्यातून आपल्या घरातल्या प्रश्नाला थोडी वाट मिळेल, असं आम्हांला वाटतं.

गोष्ट 1870 सालची. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ते हे नव्हेत. हे त्यांच्या कितीतरी आधीचे. 1866 साली ते दत्तक म्हणून गादीवर आले. इंग्रजी शिकलेले, जग बघायची हौस असलेले. वय अवघं वीस. मे 1870 मध्ये ते मुंबईहून जहाजानं विलायतेला निघाले. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. तरी ते गेले. लंडन पाहिलं, व्हिक्टोरिया राणीला भेटले, दादाभाई नौरोजींना भेटले, आणि रोज काय पाहिलं ते इंग्रजीत डायरीत लिहून ठेवलं. 1872 साली त्या डायरीचं पुस्तकही निघालं.

परतीच्या वाटेवर युरोपातले देश बघत ते इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पोचले. तिथं आजार बळावला आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचं निधन झालं.

आता विचार करा. कोल्हापूर हजारो कोस दूर. जवळ कुणी भाऊबंद नाही, पंचगंगेचा घाट नाही, राजघराण्याच्या समाध्या नाहीत. शहर सगळं ख्रिस्ती, मेलेल्या माणसाला पुरणारं. इटलीत मिलान शहरात पहिली दहनभट्टी बांधली गेली तीसुद्धा सहा वर्षांनी, 1876 मध्ये. चितेवर माणूस जाळायचा, ही गोष्टच तिथल्या लोकांना विचित्र वाटणारी. सोबतची माणसं मात्र म्हणाली, महाराजांचं दहनच झालं पाहिजे, आणि ते वाहत्या पाण्याच्या काठी झालं पाहिजे.

फ्लॉरेन्समधून आर्नो नावाची नदी वाहते. शहराच्या कडेला काशिने नावाची मोठी बाग आहे. त्या बागेच्या टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला येऊन मिळते. म्हणजे संगमच. तिथं चिता रचायला परवानगी मिळाली. त्याच रात्री, अंधारात, महाराजांचा देह तिथं नेला. चंदन, तूप, कापूर जे मिळालं ते घातलं आणि बरोबरच्या लोकांनी विधी करून अग्नी दिला. शहरातले लोक बघायला जमले होते. चिता शांत झाल्यावर अस्थी गोळा केल्या आणि गंगेत सोडण्यासाठी हिंदुस्थानात पाठवल्या.

चार वर्षांनी, 1874 मध्ये, त्याच जागी महाराजांचं स्मारक उभं राहिलं. वर छत्री आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकारानं घडवला. छत्रीचा आराखडा मँट साहेबांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला आजही ‘इंडियानो’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी माणूस. पुढं जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव पडलं. आपल्याकडं त्यांचं नाव राजाराम कॉलेजनं जपलं. 1880 सालचं ते कॉलेज.

या हकीकतीत आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते असं. तिथं काय काय बदललं, आणि काय बदललं नाही? नदी बदलली. घाट बदलला. अग्नी देणारे हात बदलले. ज्या सरकारी माणसांपुढं अर्ज करायचा तीही परकी होती. पण पाण्याचा काठ सोडला नाही, दहन सोडलं नाही, अस्थी घराकडं पाठवायच्या सोडल्या नाहीत. पंचगंगा नाही म्हणून कुणी हात बांधून बसलं नाही. जी नदी समोर होती तिलाच आपली मानलं.

इकडं कोल्हापूरच्या वाड्यात तरुण राणीवशावर काय ओढवलं असेल, ते तुम्हांला सांगायला नको. ज्या माणसाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, त्याच्यासाठी इथं बसून रडायचं. पुढं 1871 मध्ये दत्तक घेऊन गादी चालवली. ते शिवाजी महाराजही 1883 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या राणीसाहेबांनी 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला. तोच मुलगा पुढं राजर्षी शाहू झाला. दत्तकाच्या मागं राज्याचा वारसा होता तसाच पिंडाचाही प्रश्न होता. मागं कुणीतरी नाव घेणारं हवं, पाणी देणारं हवं. म्हणजे घरातल्या बाईनं हा प्रश्न तेव्हाही सोडवला होता.

आता कुणी म्हणेल, राजाची गोष्ट वेगळी, आपल्याला रीत मोडून कसं चालेल? तर मैत्रिणींनो, रीतच आपल्याला वाट देते. माणसं पूर्वीही व्यापाराला, लढाईला, यात्रेला दूर जात आणि तिकडंच मरत. देह सापडला नाही तर काय करायचं, याची सोय धर्मशास्त्रानं केली आहे. पळसाची 360 पानं किंवा देठ मांडून माणसाचा आकार करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. याला पालाशविधी म्हणतात. प्रवासात असाल, चूल पेटवून स्वयंपाक करणं शक्य नसेल, तर शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा द्यायचा, ते आमश्राद्ध. तेही जमत नसेल तर पैसे ठेवायचे, ते हिरण्यश्राद्ध. पिंडाला शिवायला कावळा आला नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववतात, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच.

म्हणजे ज्यांनी हे नियम केले त्यांना माणसाची अडचण माहीत होती. देह नाही, अन्न नाही, कावळा नाही, तिथी नाही, प्रत्येक ‘नाही’ला त्यांनी काहीतरी पर्याय ठेवला. आठवण करणाऱ्या माणसाला मात्र पर्याय ठेवला नाही. कुणीतरी बसायचं, नाव घ्यायचं, पाणी सोडायचं, एवढं राहतंच.

आता उलट दिशेची एक हकीकत ऐका. तीही कोल्हापूरशी जोडलेली आहे आणि ती बाईची आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याला माहीत आहेत. 1883 साली त्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांची नेमणूक कुठं झाली होती, ठाऊक आहे? आपल्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागात. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते हेच. पण त्या क्षयानं आजारी होऊनच परतल्या होत्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पुरं झालं नव्हतं.

अमेरिकेत थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी आनंदीबाईंना लेकीसारखं सांभाळलं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुण्यात दहन झाल्यावर गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा या मावशींकडं पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवली आहे आणि वर दगड उभा आहे. राजाराम महाराजांच्या अस्थी तिकडून इकडं आल्या, आनंदीबाईंची रक्षा इकडून तिकडं गेली. जिथं माया होती तिथं ती पोचली. रक्ताचं नातं नाही, धर्म एक नाही, भाषा एक नाही. तरी त्या मावशीनं आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी तिला जागा दिली.

आता आपल्या घराकडं येऊ. पोरगं परदेशात आहे. वडील गेले तर तो विमान पकडून येतो, पण पोचायला दीड-दोन दिवस लागतात. कधी रजा मिळत नाही, कधी कागदपत्रं अडकतात. मग देह शीतपेटीत ठेवायचा आणि वाट बघायची. घरातल्या बायका त्या दोन दिवसांत ना रडू शकतात, ना जेवू शकतात. म्हाळाच्या दिवशी गुरुजींपुढं मोबाईल उभा करून मुलगा तिकडून संकल्प सांगतो. इथं दुपारचे 12 वाजलेले असतात तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे अडीच असतात. तो डोळे चोळत बसलेला असतो. आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. तो जागतो, हीसुद्धा आठवणच आहे.

पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्या मोबाईलच्या अलीकडं कोण असतं? पहाटे उठून स्वयंपाक कोण करतं? पत्र्यावर घास ठेवून कावळ्याची वाट कोण बघत बसतं? सून असते, नाहीतर याच जिल्ह्यात दिलेली लेक असते. दोन तास एसटीनं येऊन ती सगळं करते आणि पाणी सोडायची वेळ आली की तिला मागं उभी करतात. मुलगा हजारो कोसांवर असला तरी चालतो; लेक हाताच्या अंतरावर असली तरी चालत नाही. हे कसं काय?

याचंही उत्तर आपल्या इतिहासात आहे. 28 नोव्हेंबर 1890 रोजी महात्मा जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत होता, पण टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या. त्यांनी स्वतः टिटवं धरलं, अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या आणि आपल्या हातानं अग्नी दिला. त्याला आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला. फुल्यांचा सत्यशोधक विचार शाहू महाराजांनी कोल्हापुरात रुजवला. विधी कुणी सांगायचे, कुणाला कोणते मंत्र, यावर पंचगंगेच्या काठीच केवढं मोठं वादळ झालं ते आपण ऐकलेलं आहे. आणि 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्यानंतर राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे मरणाच्या दारातल्या रीतीही गावानं बसून बदलता येतात, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलं.

म्हणून आमचं एक मागणं आहे. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास या विषयाला द्या. अभद्र बोलू नये म्हणून आपण हे टाळतो आणि मग ऐन वेळी दारात भांडणं होतात. जिवंतपणीच, हसत-खेळत, घरात सांगून ठेवा. मुलगा वेळेत पोचला नाही तर किती वेळ थांबायचं? अग्नी लेकीनं द्यायचा, सुनेनं की पुतण्यानं? रक्षा नृसिंहवाडीच्या संगमावर न्यायची, की हल्ली जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी करतात तशी शेतात झाडाच्या मुळाशी घालायची? परदेशातल्या मुलानं त्या दिवशी तिकडं काय करायचं? तो तिथल्या नदीवर जाऊन पाणी सोडू शकतो, एखाद्या भुकेल्याला जेवू घालू शकतो. त्याला तेही सांगून ठेवा, म्हणजे आपण आलो नाही हा सल त्याच्या मनात राहणार नाही.

आणि घरात जी लेक-सून हे सगळं करते, तिला पाणी सोडायला पुढं बसवा.

दीडशे वर्षांपूर्वी परक्या मुलखात, थंडीच्या रात्री, कोल्हापूरच्या मूठभर माणसांनी समोर दिसली त्या नदीला पंचगंगा मानलं आणि आपल्या राजाला निरोप दिला. मग आपल्या स्वतःच्या अंगणात, आपल्याच लेकीला वारस मानायला आपल्याला जड का जावं? यावर तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हांला जरूर कळवा.