बेंगळूरची मराठी मिरास

बेंगळूरच्या विमानतळावरून उत्तरेस थोडे गेले की देवनहळ्ळीचा किल्ला लागतो. १५०१ मध्ये तो प्रथम मातीचा बांधला गेला; टिपू सुलतानाचा जन्म याच गावचा. पुढे म्हैसूरकर, मराठे आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसची इंग्रजी फौज असे धनी त्याला लाभले. परंतु या प्रांतात मराठी माणूस आला तो याहून पुष्कळ आधी, आणि त्याने मागे ठेवले ते तटबुरुजांपेक्षा निराळेच.

१६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्याबरोबर कारकून, शिलेदार, पंडित आणि कवीही आले. जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य याच दरबारात निर्माण झाले. संस्कृत, मराठी, कन्नड अशा अनेक भाषा त्यात एकत्र नांदतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ते संपादून छापले नसते, तर त्या दरबाराची ओळख आपणांस फार थोडी उरली असती.

शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वराच्या देवस्थानास एक गाव इनाम दिले. त्याचा शिलालेख कन्नडात आहे. घरात मराठी बोलणारा राजपुरुष प्रजेशी प्रजेच्या भाषेत बोलला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर जिंकले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. अवघ्या पन्नास वर्षांत सत्ता सरली. घरची बोली मात्र सरली नाही. येथील भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाजांतील कित्येक घरांत आजही मराठी ऐकू येते. तिच्यात कन्नड शब्द मिसळलेले असतात. पुणेकरास ती अशुद्ध वाटेल. वास्तविक ती त्या कुटुंबांच्या प्रवासाची बखरच होय.

अशा विखुरलेल्या समाजांस जोडण्यासाठी १९५८ मध्ये दिल्ली येथे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. बेंगळूर, इंदूर, हैदराबाद यांसारख्या नगरांत मराठी मंडळे आहेतच. गणेशोत्सव, नाटके आणि व्याख्याने यांमुळे माणसे एकत्र येतात, हे मोठेच कार्य आहे. परंतु उत्सवात आनंदाने वावरणाऱ्या मुलास आजोबांचे पत्र वाचता आले नाही, तर मिरास अर्धीच हाती आली म्हणायची. मोडीतील दप्तराची गोष्ट तर त्याहून कठीण.

म्हणून मंडळांनी दोन कामे अंगावर घ्यावीत असे वाटते. मुलांस मराठी वाचन शिकवावे, आणि वृद्धांच्या तोंडची ती मिश्र बोली, ती न सुधारता, जशीच्या तशी टिपून ठेवावी. पडका बुरूज पुन्हा बांधता येतो. आजीबरोबर गेलेला शब्द परत आणता येत नाही.