ओढलेली दोरी कोणीं धरावी?

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या एका वादाची हकीकत आज सांगणार आहें. अमेरिकेंतील संस्थानें हरणांच्या शिकारीचे हंगाम कायद्यानें ठरवितात. बंदूकवाल्यांना दिवस थोडे मिळतात, धनुष्यबाणवाल्यांना पुष्कळ. कारण तिरंदाजास हरणाच्या अगदीं जवळ जावें लागतें आणि बहुधा तो रिकाम्या हातानें परततो. विस्कॉन्सिन संस्थानानें १९३४ सालीं असा स्वतंत्र हंगाम सुरू केला. पुढें प्रश्न निघाला कीं, या हंगामांत क्रॉसबो चालावा काय?

क्रॉसबो म्हणजे लाकडी दस्त्यावर आडवें बसविलेलें धनुष्य. दोरी एकदां ताणून खटक्यांत अडकविली कीं ती तशीच राहते. मग नेम धरून बंदुकीप्रमाणें चाप ओढावयाचा. साध्या धनुष्याची ओढलेली दोरी मात्र माणसाच्या खांद्यालाच पेलावी लागते; दंड थरथरला कीं नेम चुकला. सारा वाद या एका फरकाचा आहे.

या शस्त्राविषयींची कुरबूर जुनी आहे. इ. स. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेनें ख्रिस्ती माणसांवर तें चालविण्यास मनाई केली. साधे तिरंदाजही त्याच मनाईंत सांपडले. ती फारशी पाळली गेली नाहीं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ सालीं क्रॉसबोच्या बाणाची जखम चिघळूनच मेला. पुढें १५४१ मध्यें आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटनें ठरविलें कीं, वार्षिक शंभर पौंडांहून कमी उत्पन्नाच्या माणसानें क्रॉसबो वा हातबंदूक वापरूं नये. प्रजेचा लांब धनुष्याचा सराव सुटूं नये, हें त्याचें एक कारण. परंतु श्रीमंतांस मोकळीक ठेवलेली पाहिली म्हणजे कौशल्याच्या कळकळीआड काय दडलें होतें, तें ओळखावयास कठीण नाहीं.

अमेरिकन तिरंदाज म्हणत, लांब हंगाम हा कष्टांचा मोबदला आहे; कष्ट गेले तर मोबदला कशाचा? मुद्दा रास्त होता. पण १९६९ सालीं मिसूरीच्या ॲलन नांवाच्या गृहस्थास कप्प्या लावलेल्या धनुष्याचें पेटंट मिळालें. त्याची दोरी पुरती ओढली कीं हातावरील भार एकदम कमी होतो. ही सोय तिरंदाजांनीं आनंदानें स्वीकारली! १९६१ सालीं स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब अशा धनुष्यानें केलेली शिकार आपल्या नोंदींत घेतो, क्रॉसबोची घेत नाहीं.

ओहायोनें १९७० नंतरच्या दशकांतच क्रॉसबोला वाट दिली. पेनसिल्व्हेनियानें २००९ मध्यें. विस्कॉन्सिनमध्यें अपंगांना व पासष्टी गांठलेल्यांनाच असलेली परवानगी २०१४ पासून सर्वांना मिळाली. पुढील दहा वर्षांच्या आंत तेथें क्रॉसबोनें मारलेलीं हरणें धनुष्यानें मारलेल्यांहून अधिक भरूं लागलीं. तिरंदाजांची भीति अगदींच खोटी नव्हती.

आमच्या लहानपणीं गुरुजी बॉलपेन हातीं घेऊं देत नसत. अक्षर बिघडतें म्हणत. अक्षरें बिघडलीं, हें मीं मास्तर होऊन डोळ्यांनीं पाहिलें. तथापि बोटें आंखडलेल्या वृद्धास त्याच लेखणीनें घरीं पत्र लिहितां आलें, हेंही पाहिलें. माझाही खांदा आतां दुखतो. म्हणून पासष्टीची ती जुनी सवलत मला शहाणपणाची वाटते. बाकीच्यांना सोय नाकारणाऱ्यानें मात्र आपल्या हातीं आधींच कोणती सोय आली आहे, तें प्रथम पाहावें.