भुकेचा निरोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘जरा तोंडावर ताबा ठेव!’ हे वाक्य लठ्ठ मुलाला कधी ना कधी ऐकावं लागतंच. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असताना एका विद्यार्थ्याला ते भर वर्गात सुनावलं होतं. वर्ग हसला, तोही हसला. आज जी हकिकत सांगणार आहे, ती पुढे माझ्या वाचनात आली तेव्हा त्याचं ते हसू आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

ही हकिकत सुरू होते अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर या गावी. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत संशोधनासाठी उंदरांचे वाण जोपासले जातात. १९४९ साली तिथे काही उंदीर विलक्षण लठ्ठ होताना दिसले. ते सतत खात आणि त्यांचं वजन नेहमीच्या उंदराच्या तिपटीपर्यंत जाई. हा दोष एकाच जनुकातला होता. या उंदरांना ‘ओबी’ म्हणू लागले. १९६६ साली त्याच प्रयोगशाळेने आणखी एका वाणाची नोंद केली. हे उंदीर लठ्ठ होतेच, शिवाय तीव्र मधुमेहीही. त्यांचं नाव ‘डीबी’.

यामागचं कारण शोधायला सरसावले डग्लस कोलमन हे मूळचे कॅनडाचे जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी शस्त्रक्रिया करून दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना जोडल्या, म्हणजे एकाचं रक्त थोडंथोडं दुसऱ्यात जाईल. ऐकायला क्रूर वाटतं, पण उत्तर त्यातूनच मिळालं. डीबी उंदराला जोडलेल्या निरोगी उंदराने खाणंच सोडलं आणि समोर अन्न असताना तो उपासमारीने मेला. डीबीला जोडलेल्या ओबीचीही तीच गत झाली. पण ओबीला निरोगी उंदराशी जोडलं, तेव्हा ओबीचं खाणं कमी झालं आणि त्याचं वजन कमी वाढलं.

कोलमननी याचा अर्थ असा लावला. ‘पोट भरलं, आता पुरे’ असा निरोप नेणारा एक पदार्थ रक्तात असला पाहिजे. ओबीच्या शरीरात तो तयारच होत नाही. डीबीच्या शरीरात तो भरपूर तयार होतो, पण तो घेणारं कुणी नाही. निरोप धाडणाऱ्याचा दोष एकाकडे, निरोप घेणाऱ्याचा दुसऱ्याकडे! लठ्ठपणा हा निव्वळ वागण्याचा दोष, असं मानणाऱ्या अनेकांना हे पटलं नाही. शिवाय तो पदार्थ काही हाती लागेना.

तो हाती लागायला १९९४ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून ओबी जनुक शोधून काढलं. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाला नाव दिलं ‘लेप्टिन’. ग्रीक भाषेत ‘लेप्टॉस’ म्हणजे कृश. हे संप्रेरक बनतं चरबीच्याच पेशींत. ज्या चरबीला आपण नुसतं कोठार समजत होतो, ती मेंदूला शिलकीचा हिशेब कळवत होती!

माणसाचं काय? १९९७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं. त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली. एका वर्षात तिचं वजन १६ किलोंनी उतरलं. तिला कुणी नवी इच्छाशक्ती दिली नव्हती. फक्त हरवलेला निरोप पोचवला होता.

पण अशी माणसं फार विरळा. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं. मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे लेप्टिन सर्वांसाठी वजन उतरवण्याचं औषध ठरेल, ही आशा फोल ठरली. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जठरातून येणारं, भूक चाळवणारं ‘घ्रेलिन’ शोधलं. आणि २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं, की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर लेप्टिन उतरतं, घ्रेलिन चढतं, आणि वर्षभरानंतरही भूक वाढलेलीच राहते. गमावलेलं वजन शरीर जणू परत मागतं. आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करणारी इंजेक्शनं आता आली आहेत. त्यांनी वजन चांगलं उतरतं, पण ती थांबवल्यावर बरंचसं परतही येतं.

याचा अर्थ आहार आणि व्यायाम व्यर्थ आहेत, असा मुळीच नाही. पण एकाला जे सहज जमतं, त्यासाठी दुसऱ्याला रोज आपल्याच रक्ताशी झगडावं लागतं, एवढं तरी आपण ध्यानात घ्यावं. माझा तो विद्यार्थी आता चाळिशीत असेल. तो हे भाषण ऐकत असेल, तर त्याला एवढंच सांगतो : बाळा, त्या दिवशी चूक तुझ्या मास्तरांची होती.