मोटर नंतर, आधी पाणी



मी बेंगळुरूहून, बनशंकरीतून बोलतोय. आमच्या घराण्याची कुलदेवता बदामीची बनशंकरी, आणि निवृत्तीनंतर घर मिळालं तेही बनशंकरीतच. कनकपुरा रस्त्यावरचं इथलं देऊळ 1915चं. राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला तिथं रांग लागते. पण आजचा विषय देवीचा नाही. आजचा विषय आहे एक जळालेली मोटर.

गेल्या सुट्टीत माझी नात आणि मी मिळून रिमोटवर पळणारी शर्यतीची होडी बांधली. पासष्ट सेंटिमीटरचा सांगाडा, मागे 40 मिलिमीटरचा पंखा, 14.8 व्होल्टची लिथियम बॅटरी. मोटर आणायला आम्ही एसपी रोडला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान शोधणारा बेंगळुरूकर शेवटी तिथंच पोचतो. मी सैन्यात ईएमईचा, म्हणजे गाड्या, यंत्रं, उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा अधिकारी. मला कोण मोटर शिकवणार? रिमोटच्या गाडीसाठी असलेली सगळ्यात जोरदार मोटर मी उचलली.

ओळखीच्या एका शेततळ्यावर होडी सोडली. पहिलं मिनिटभर ती बाणासारखी सुटली. मग वास आला. वाइंडिंगवरचं वार्निश जळल्याचा वास ज्यानं एकदा घेतलाय, तो कधी विसरत नाही. नातीनं विचारलं, "आजोबा, मोटर खराब निघाली का?"

'हो' हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. तो मी का गिळला, ते पुढं सांगतो. आधी थोडा इतिहास.

पाण्यावर विजेची मोटर चालवायची धडपड रेल्वेच्या बालपणाइतकी जुनी आहे. 1838 साली रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर, मोरित्झ याकोबी या जर्मन वंशाच्या शास्त्रज्ञानं विजेवरची होडी चालवून दाखवली. झारच्या सरकारनं पैसे दिले होते. बाजूला वल्ह्यांची चाकं, आत डझनभर माणसं आणि ढीगभर बॅटऱ्या. वेग चालत्या माणसाच्या आसपास. मोटर फिरली, होडी प्रवाहावर चालली, तरी प्रयोग पुढं सरकला नाही. त्या बॅटऱ्या जस्त खायच्या, आणि जस्त कोळशापेक्षा फार महाग. म्हणजे मोटर जमली, पण तिच्या मागची बॅटरी परवडली नाही.

1881 साली पॅरिसच्या सेन नदीवर ग्युस्ताव त्रूव्हेनं वेगळा विचार केला. त्यानं मोटर, पंखा आणि सुकाणू यांचा एकच उचलता येण्याजोगा संच केला. आजच्या आउटबोर्ड मोटरचा हा पूर्वज. इथं मोटर पहिल्यांदा पंख्याच्या शेजारी जाऊन बसली.

आणि 1898 साली न्यूयॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या प्रदर्शनात, निकोला टेस्लानं पाण्याच्या हौदात बिनतारी संदेशावर चालणारी होडी दाखवली. बघणाऱ्यांना ती जादूच वाटली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला तिचं पेटंट मिळालं, क्रमांक 613809. होडीत बॅटरी होती, पुढं ढकलायला एक मोटर आणि सुकाणू फिरवायला दुसरी. माझ्या नातीच्या होडीचा नकाशा नेमका हाच आहे. सव्वाशे वर्षांत मांडणी बदललेली नाही.

यात एक गंमत आहे. याच टेस्लानं 1888 साली फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या एसी मोटरची पेटंटं घेतली होती. तिला घासणारे कार्बन ब्रश लागत नव्हते. पण होडीत बॅटरी, आणि बॅटरी देते डीसी. त्यामुळं स्वतःचा सगळ्यात मोठा शोध त्याच्या होडीच्या कामाचा नव्हता. 1889 साली जर्मनीत दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यानं तीन फेजची मोटर घडवली, आणि तिनं पुढं कारखाने आणि विहिरी ताब्यात घेतल्या.

ही वीज आपल्याकडं लवकर आली. 1902 साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे 147 किलोमीटर लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत वीज गेली, आणि 1905 साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. आणि 1946 साली याच शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली.

किर्लोस्कर म्हटलं की आपण वाडीला, सांगलीकडं बघतो. पण लक्ष्मणराव जन्मले 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, आणि त्यांनी सायकलचं दुकान काढलं बेळगावात. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी बेंगळुरूत विजेच्या मोटरी करायला घेतल्या. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर 1903चा. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. यंत्र चांगलं असून भागत नाही, ते ज्या मातीत चालायचंय तिचं आणि ती कसणाऱ्याचं आधी ऐकावं लागतं. हा धडा त्या घराण्यानं मोटरीच्या कितीतरी आधी गिरवला होता.

मी तो गिरवला नव्हता. आता ती गोष्ट.

मी कॅप्टन होतो. पश्चिम राजस्थानातली एक चौकी, एक विहीर, एक पंप. उन्हाळ्यात पाणी जास्त मिळावं म्हणून मी पंपात मोठा इंपेलर बसवायला सांगितला. आठवड्यात मोटर जळाली. आमचा हवालदार मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "साब, मोटर छोटी नहीं थी, पंखा बड़ा है." मी त्याला गप्प केलं. दुसरी मोटर मागवून बसवली. तीही तिसऱ्या दिवशी गेली. मग दोन दिवस मे महिन्याच्या उन्हात माणशी मोजून पाणी. अहवालात मी लिहिलं, 'मोटर निकृष्ट.' मोटरची बाजू मांडायला कुणी नव्हतं. हवालदाराची बाजू मला माहीत होती, आणि ती मी लिहिली नाही.

म्हणून शेततळ्याच्या काठावर तो 'हो' मी गिळला.

घरी येऊन नातीला कागद घ्यायला सांगितलं. मोटरवर एक आकडा छापलेला असतो, केव्ही. हे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मिनिटात किती फेरे, हा त्याचा अर्थ. आमची मोटर 3000 केव्हीची. 14.8 व्होल्टनं गुणलं की 44,400 फेरे. 2000 केव्हीची घेतली असती तर 29,600. फरक दीडपट.

नात म्हणाली, "मग दीडपट जोर लागेल." इथंच सगळे फसतात. पाण्यातल्या पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं वाढते. दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे जवळजवळ 3.4 पट! आणि पंखा वाढवला तर त्याहून वाईट. त्याच घडणीचा पंखा 40चा 44 मिलिमीटर केला, तर तेवढेच फेरे राखायला 1.6 पट ताकद लागते, कारण व्यासाचा पाचवा घात मोजावा लागतो. हिशेब सांगतो तेवढे फेरे मोटर कधीच गाठत नाही. ती गाठायला धडपडते, करंट ओढत राहते, आणि करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते.

गाडीची मोटर गाडीत का टिकते? गाडी उतारावर, वळणावर, वेग घेतल्यावर मोटरला श्वास घेऊ देते. पाणी सुट्टी देत नाही. पंखा बुडालेला आहे तोवर भार आहेच.

म्हणून क्रम उलटा. आधी सांगाडा किती लांब आणि जड ते बघायचं. मग त्याला शोभेल असा पंखा. मग तो पंखा किती फेऱ्यांनी फिरवायचा. मग बॅटरीचे व्होल्ट. त्या दोन आकड्यांचा भागाकार केला की केव्ही आपोआप निघतो, आणि भारानं फेरे थोडे उतरणार हे धरून चालायचं. ताकद हवी असेल तर केव्ही वाढवायचा नाही, मोटरचं अंग वाढवायचं. जाड, लांब मोटरीत तांबं आणि चुंबक जास्त, उष्णता झेलायची ताकद जास्त. आम्ही 36 मिलिमीटर जाडीची, 60 मिलिमीटर लांबीची, 2000 केव्हीची घेतली. तिच्याभोवती पाण्याचं जॅकेट बसवलं, तळ्याचंच पाणी तिला थंड ठेवतं. बॅटरी 5 अँपिअर-तासाची. सरासरी 60 अँपिअर ओढले तर हिशेबानं पाच मिनिटं. आम्ही तीन मिनिटांना थांबतो, कारण लिथियम पूर्ण रिकामी केली तर ती फुगते, आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

नवी मोटर हातात घेऊन नातीनं विचारलं, "बॅटरीला दोन तारा, मग मोटरला तीन कशाला?" मला तिचा प्रश्न फार आवडला. बॅटरी आणि मोटर यांच्या मधला कंट्रोलर डीसीचं तीन फेजमध्ये रूपांतर करतो. ब्रश गेले, त्या जागी ट्रान्झिस्टर आले. 1980च्या दशकात निओडिमियमची जबरदस्त चुंबकं आली, 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, आणि टेस्लाला त्याच्या होडीत जे बसवता आलं नाही ते आज मुलांच्या हातात आहे. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरची आणि या मोटरची घडण वेगळी, पण फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना तीच.

दुसऱ्या खेपेला होडी थोडी सावकाश सुटली, पण तीन मिनिटं पळाली. दर मिनिटाला आम्ही ती काठावर आणून मोटरला बोट लावून बघत होतो. गरम, पण बोट टिकेल इतपत.

पहिली मोटर अजून माझ्या टेबलावर आहे. नातीनं तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'मोटर चांगली होती. आजोबा चुकले.' असा अहवाल मी तेव्हाच लिहायला हवा होता. तो हवालदार आज कुठं असेल, मला माहीत नाही. हे भाषण त्याच्यापर्यंत पोचलं तर बरं.

तुमच्या शेतात किंवा गच्चीवर मोटर जळाली, तर दुकानात जायच्या आधी एकदा पंप उघडून बघा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.